गाणे कोणाचे? नोंदीच्या शिस्तीविषयी काही विचार

१

दलित-आदिवासींच्या सांस्कृतिक इतिहासाविषयी बोलताना एक तक्रार नेहमी केली जाते की, आमची नोंद कोणी ठेवली नाही. तक्रार खरी आहे, पण ती अर्धीच आहे. नोंद न ठेवणे हा एक अन्याय. चुकीची नोंद ठेवणे हा दुसरा. पहिल्या अन्यायात माणूस अंधारात राहतो. दुसऱ्यात त्याच्या जागी भलत्याच कोणाला उजेडात उभे केले जाते आणि मग मूळ माणसाला शोधण्याची गरजही कोणाला वाटेनाशी होते. म्हणून दुसरा अन्याय अधिक टिकाऊ असतो. पहिल्याचे माप प्रस्थापितांच्या पदरात सहज घालता येते. दुसऱ्यात मात्र चळवळीतली माणसेही सामील असू शकतात, आणि म्हणूनच त्याचा विचार टाळला जातो.

या प्रश्नाचा विचार येथे हिप-हॉप या अगदी आजच्या कलाप्रकाराच्या निमित्ताने करावयाचा आहे. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील शाळा-महाविद्यालयांत शिकणारी दलित-आदिवासी मुले आज जे ऐकतात त्यात भीमगीत आहे, चित्रपटगीत आहे, आणि तालावर बोलत म्हणावयाचे रॅपही आहे. रॅपमध्ये त्यांना आपल्या रागाची भाषा सापडते. हे स्वागतार्हच आहे. पण या प्रकाराचा एक विशेष असा की, त्यातला अल्बम हा क्वचितच एका माणसाचा असतो. शब्द एकाचे, दुसरे कडवे दुसऱ्याचे, ध्रुपद तिसरीचे, ताल चौथ्याने यंत्रावर बांधलेला, मध्येच घेतलेला एखादा जुना सूर पाचव्याचा, आणि ज्या वस्तीची कहाणी आहे ती वस्ती सहावी. बाहेर येताना मात्र त्यावर एखाद-दुसरेच नाव ठळक होते. तेव्हा असा अल्बम ‘कोणाचा’, हा प्रश्न करमणुकीचा राहत नाही. श्रमाची मालकी कोणाकडे जाते, हा आपला जुनाच प्रश्न तेथे नव्या रूपात उभा राहतो.

२

प्रथम या कलाप्रकाराच्या जन्मकथेकडेच पाहू. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, सेजविक अ‍ॅव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत, ११ ऑगस्ट १९७३ रोजी झालेल्या एका मेळाव्यापासून हिप-हॉपची सुरुवात मानली जाते. तेथे रेकॉर्डी वाजविणारा तरुण कूल हर्क हा जमैकातून आलेल्या कुटुंबातला. त्याचे नाव जगभर झाले. परंतु तो मेळावा भरविला होता त्याच्या बहिणीने, सिंडी कॅम्पबेलने. शाळा सुरू होताना नवे कपडे घेता यावेत, म्हणून तिने प्रवेशमूल्य ठेवून तो कार्यक्रम केला. म्हणजे ज्या प्रसंगाला एका कलेचा जन्मदिवस म्हणतात त्याची आखणी एका मुलीची, आणि त्यामागची निकड गरीब घरातली. हा तपशील गाळला तर इतिहास पुरुषाचा आणि प्रतिभेचा होतो. ठेवला तर तो भावंडांचा आणि गरजेचा होतो. दोन्हींचा अर्थ वेगळा आहे.

पुढे १९७९ साली शुगरहिल गँग या तिघांच्या गटाची ‘रॅपर्स डिलाइट’ ही रेकॉर्ड निघाली आणि रॅप प्रथमच ब्रॉन्क्सबाहेरच्या मोठ्या बाजारात पोहोचले. या तिघांपैकी बिग बँक हँक याने म्हटलेल्या ओळींतील बराच भाग त्याचा नव्हता. तो ग्रँडमास्टर काझ या ब्रॉन्क्समधल्या रॅपरच्या वहीतला होता. काझचे नाव रेकॉर्डवर आले नाही, आणि त्या गाण्याच्या कमाईतला वाटाही त्याला मिळाला नाही. पण येथे एक विलक्षण गोष्ट घडलेली आहे. काझने आपल्या ओळींत स्वतःचे नाव, त्या वेळचे ‘कॅसानोव्हा फ्लाय’, एकेक अक्षर उच्चारून गुंफले होते. हँकने ओळी उचलल्या त्या नावासकटच उचलल्या. त्यामुळे आजही ती रेकॉर्ड लावली की, गाणारा हँक दुसऱ्याचेच नाव सांगतो. चोरीच्या मालावर मूळ धन्याची खूण राहून गेली, ती अशी.

याच रेकॉर्डची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. तिचा ताल ‘शीक’ या बँडच्या ‘गुड टाइम्स’ या गाण्यावर आधारलेला होता. त्याचे कर्ते नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांनी कायदेशीर दावा सांगताच त्यांची नावे श्रेयात आली. हेही दोघे कृष्णवर्णीयच. परंतु त्यांच्यापाशी कंपनी होती, वकील होते, छापील नोंद होती. काझपाशी एक वही होती. म्हणजे एकाच गाण्यात ज्याची नोंद होती त्याला न्याय मिळाला आणि ज्याची नव्हती त्याला तो मिळाला नाही. नोंदीचे महत्त्व याहून स्पष्टपणे सांगता येणार नाही.

तिसरे उदाहरण १९८२ सालच्या ‘द मेसेज’चे. झोपडपट्टीसारख्या वस्तीतले जगणे प्रथमच एवढ्या थेटपणे मांडणारी ही रेकॉर्ड ‘ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह’ या नावाने निघाली. प्रत्यक्षात फ्लॅशचा तिच्या घडणीत हात नव्हता. गाण्याची मूळ कल्पना आणि बरेचसे शब्द एड फ्लेचर ऊर्फ ड्यूक बूटी याचे. मुख्य आवाज मेली मेलचा. त्या दोघांबरोबर निर्मात्या सिल्व्हिया रॉबिन्सन आणि जिग्ज चेस यांची नावे गीतकारांत आहेत. ड्यूक बूटीने पुढे शिक्षकाचा पेशा पत्करला आणि २०२१ साली तो वारला. गाणे ऐकणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना त्याचे नाव ठाऊक होते. येथे चोरी झालेली नाही. प्रसिद्ध नाव पाटीवर लावले की माल खपतो, एवढाच व्यवहार झालेला आहे. पण परिणाम तोच: ज्याने वेदनेला शब्द दिले तो बाजूला पडला.

३

हे सगळे दूरच्या मुलुखातले आहे, असे कोणी म्हणेल. आपल्या परंपरेकडे वळल्यावर मात्र हेच प्रश्न आपल्या अंगणात दिसू लागतात.

आपल्याकडे संतांपासून चालत आलेली नाममुद्रेची पद्धत आहे. अभंगाच्या शेवटच्या चरणात कवीचे नाव येते. शाहिरीनेही ती पद्धत घेतली आणि आंबेडकरी गीतांनीही ती चालविली. वामनदादा कर्डकांच्या गीतांच्या अखेरीस ‘वामन’ हे नाव येते, हे गावोगावच्या श्रोत्यांना माहीत आहे. ज्या समाजाला छापखाना मिळाला नाही त्याने आपली मुद्रा गाण्याच्या पोटातच ठेवली, असा या पद्धतीचा सामाजिक अर्थ आहे. वही हरवेल, छापील पान फाटेल, पण गाणे तोंडी राहिले तर नाव त्याबरोबर राहील. काझने ब्रॉन्क्समध्ये केले ते हेच. रॅप करणारा कडव्यात स्वतःचे आणि आपल्या गटाचे नाव घेतो, तेव्हा ती आत्मप्रौढी आहे असे मानून नाक मुरडण्याचे कारण नाही. ती नाममुद्रा आहे.

ध्वनिमुद्रणाच्या यंत्रानेही आरंभी ही पद्धत मानली होती. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जानचे ध्वनिमुद्रण झाले तेव्हा गाणे संपताच ती आपले नाव मोठ्याने उच्चारीत असे. तबकड्या परदेशात छापल्या जात, आणि कोणती तबकडी कोणाची हे तेथील कामगारांना कळावे म्हणून ही योजना होती. यंत्र बदलले, गाण्याची लांबी ठरू लागली, आणि गाणे तोडताना पहिला बळी बहुधा शेवटच्या कडव्याचा जाऊ लागला. म्हणजे नेमका नावाचा. आज जयंतीच्या मिरवणुकीत ध्रुपद आणि एक कडवे घेऊन त्यावर ढणढणता ताल चढविला जातो, तेव्हा कवीची मुद्रा कापली जाते हे ध्यानात घेतले पाहिजे. ऐकणाऱ्याच्या कानावर राहतो तो गायकाचा आवाज. मग गीत गायकाच्या नावावर जमा होते. प्रल्हाद शिंदे किंवा विठ्ठल उमप यांच्या आवाजाने आंबेडकरी विचार घरोघर नेला, हे त्यांचे थोर कार्य आहे. परंतु आवाज त्यांचा म्हणून प्रत्येक गीताचे शब्दही त्यांचेच, असे मानणे म्हणजे अनेक कवींना दुसऱ्यांदा मूक करणे होय.

नावांच्या सारखेपणातूनही घोटाळे होतात. भीमराव कर्डक आणि वामनदादा कर्डक हे दोघेही नाशिक जिल्ह्यातले, दोघेही आंबेडकरी चळवळीचे कलावंत. पण एकाचा कालखंड आणि प्रकार वेगळा, दुसऱ्याचा वेगळा. भीमराव कर्डकांनी १९३०च्या दशकात आंबेडकरी जलसा उभा केला आणि पुढे ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हे पुस्तक १९७८ साली लिहून त्या चळवळीची नोंदही स्वतःच ठेवली. वामनदादा १९२२ साली सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे जन्मले. मोठेपणी अक्षरओळख करून घेतली, गीते लिहिली, गायिली, आणि २००४ साली वारले. एक जलशाचा संघटक, दुसरा गीतांचा कवी. ‘कर्डकांचा जलसा’ आणि ‘कर्डकांची गीते’ एकाच माणसाच्या खात्यावर टाकली की जलसा ही सामूहिक संस्था इतिहासातून पुसली जाते आणि उरतो तो एकटा गायक.

लाल बावटा कलापथकाचेही तसेच. १९४४ साली ते उभे राहिले ते तिघांच्या खांद्यावर: अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर. आज अण्णा भाऊंचे नाव सर्वांच्या ओठी आहे, आणि ते योग्यच आहे. अमर शेखांचा आवाज आठवणारे आहेत. गव्हाणकरांचे नाव मात्र पुष्कळदा गाळले जाते. तिघांच्या पथकातला तिसरा माणूस गळतो, तर त्यांच्या मागे उभे राहून झील धरणाऱ्यांची आणि ढोलकी, तुणतुणे, डफ वाजविणाऱ्यांची काय कथा?

४

आता आजच्या उदाहरणाकडे येऊ. मुंबईतील ‘स्वदेशी’ हा अनेक भाषांत रॅप करणारा गट. २०१९ साली या गटाने आरेच्या जंगलातील आदिवासी कलावंत प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणे काढले, आणि २०२० साली ‘चेतावनी’ हा अल्बम आला. या गटाशी जोडलेली नावे पाहिली तरी सामूहिक कामाचे स्वरूप कळते: एमसी मवाली, एमसी तोडफोड, बॅमबॉय, नार, राक्षस. त्यातच अमरावतीचा सौरभ अभ्यंकर आहे. तो आपले नाव शंभर हा आकडा आणि तीन इंग्रजी अक्षरे मिळून लिहितो. शंभर म्हणजे ‘सौ’, तेव्हा वाचावयाचे ‘सौरभ’. एमसी तोडफोड हा धर्मेश परमार. तो गुजरातीत रॅप करी. २० मार्च २०२२ रोजी, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी तो वारला. या मुलांना केवळ ‘मुंबईचे रॅपर’ असे एका शब्दात गुंडाळले की, कोण कोणत्या भाषेत बोलला, कोणत्या भागातून आला, शब्द कोणाचे आणि ताल कोणाचा, हे सगळे नाहीसे होते. आणि कलावंत गेल्यावर त्याच्या वाट्याचे काम वेगळे काढून सांगणे फार अवघड होऊन बसते.

‘वारली’ हा शब्द येथे विशेष काळजीने वापरला पाहिजे. इतिहासातला वारल्यांचा उठाव १९४५ सालचा. वेठ आणि लग्नगडी यांविरुद्ध किसान सभेच्या नेतृत्वाखाली उंबरगाव-डहाणू भागात तो झाला. त्याआधी जानेवारी १९४५ मध्ये कल्याण तालुक्यातील टिटवाळा येथे किसान सभेचे अधिवेशन भरले होते. टिटवाळा म्हणजे शहापूरच्या उंबरठ्यावरच. उंबरगावचे वारली तेथे आले आणि ती धग घेऊन परतले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड आणि इतर चौघे हुतात्मे झाले. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० सालच्या पुस्तकात ही कहाणी सांगितली. आज त्या उठावाचा मुलूख दोन राज्यांत विभागलेला आहे: उंबरगाव १ मे १९६० पासून गुजरातेत, तर डहाणू-तलासरी १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात. १९४५ बद्दल ‘ठाणे जिल्ह्यातील उठाव’ म्हणणे बरोबर आहे. आजच्या नकाशावर बोट ठेवून तेच म्हणणे चूक आहे.

२०१९ चे गाणे या उठावाचे नाव घेते, पण त्याचा विषय आरेची झाडे आणि तेथले पाडे हा आहे. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी झाडे तोडण्यास सुरुवात झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबविली, तोवर दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. आरेच्या पाड्यांत वारली आहेत, तसेच मल्हार कोळी आणि कोकणाही आहेत. कलावंताने प्रतीक म्हणून एक नाव निवडले तर त्यास हरकत घेता येणार नाही. तो त्याचा अधिकार आहे. पण अभ्यासकाने आणि शिक्षकाने प्रतीकालाच वस्तुस्थिती समजू नये.

शहापूर-मुरबाडमध्ये हा प्रश्न रोजचा आहे. मुंबईच्या पाहुण्यांच्या लेखी सारे आदिवासी म्हणजे वारली, सारी चित्रे म्हणजे वारली चित्रे, आणि सारे नाच म्हणजे तारपा. या तालुक्यांत म ठाकूर आहेत, क ठाकूर आहेत, कातकरी आहेत, महादेव कोळी, मल्हार कोळी आहेत, वारलीही आहेत. ठाकरांचा कामडी नाच वेगळा, वारल्यांचा तारपा वेगळा. कातकरी ही विशेष दुर्बल गणली गेलेली जमात आहे. वारली त्या यादीत नाहीत. म्हणजे ‘कातकरी’च्या जागी ‘वारली’ लिहिले की केवळ सांस्कृतिक चूक होत नाही. ज्याचा हक्क आहे त्याचे नावच कागदावरून उडते. ए. एन. वेलिंग यांनी १९३४ साली कातकऱ्यांवर आणि ल. ना. चापेकर यांनी १९६० साली सह्याद्रीतील ठाकरांवर इंग्रजीत पुस्तके लिहिली. ती जमातीची पुस्तके आहेत. गाणाऱ्या, वाजविणाऱ्या, गाणे जुळविणाऱ्या एकेका माणसाच्या नावाचे पुस्तक अजून व्हावयाचे आहे.

वारली चित्रांचीच गोष्ट घ्या. जिव्या सोमा मशे यांनी ही कला जगापुढे नेली, आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. परंतु त्यापूर्वी पिढ्यान्‌पिढ्या लग्नाचा चौक भिंतीवर लिहीत आल्या त्या बायका. ती कामगिरी सामूहिक होती म्हणून निनावी राहिली. मशे यांचा मोठेपणा त्याने उणावत नाही. पण बायकांची नोंद न करणे हा पुरुषप्रधान इतिहासलेखनाचा भाग आहे.

आणि हा प्रश्न कलेपुरताही नाही. शहापूर तालुक्यातील तानसा तलावाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते. भातसा आज त्या शहराच्या जवळजवळ निम्म्या पाण्याची गरज भागविते. उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या वाड्या-पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. वैतरणेवरील एका जलाशयाला अभियंता मोडकांचे नाव आहे. जमीन गेलेल्यांचे आणि दगड फोडणाऱ्यांचे कोठेच नाही. मुरबाडच्या सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी दोघे हुतात्मे झाले. भाई कोतवालांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. हिराजी पाटलांचे नाव त्या मानाने फार कमी लोक घेतात. काळू धरणाविरुद्ध मुरबाडच्या आदिवासींनी आणि शेतकऱ्यांनी श्रमिक मुक्ती संघटनेच्या नेतृत्वाखाली लढा दिला, आणि २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयाने ते काम थांबविले. अशा लढ्यांत गाणी निघतात, मोर्चात म्हटली जातात, आणि लढा ओसरला की विरून जातात. पाण्याचे श्रेय, हौतात्म्याचे श्रेय आणि गाण्याचे श्रेय ही तीन वेगळी खाती नाहीत. उतरंडीत जो खाली त्याचे नाव शेवटी, हा एकच नियम तिन्हींत चालतो.

५

श्रेयाचा वाद जाहीरपणे कसा चालतो आणि त्यात नोंद ठेवणाऱ्याचे काम काय, याचा धडा तमिळनाडूतील ‘एन्जॉय एन्जामी’ने दिला. मार्च २०२१ मध्ये निघालेले हे गाणे धी, अरिवु आणि संतोष नारायणन यांच्या सहकार्यातून झाले. शब्द अरिवुचे. श्रीलंकेच्या चहामळ्यांत राबून परतलेल्या भूमिहीन माणसांची, त्याच्या आजीची, वल्लियम्माळची कहाणी त्याच्या मुळाशी आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये ‘रोलिंग स्टोन इंडिया’च्या मुखपृष्ठावर धी आणि शान व्हिन्सेंट डी पॉल झळकले, अरिवु नव्हता. दिग्दर्शक पा. रंजित यांनी यावर जाहीर आक्षेप घेतला, आणि पुढे त्या मासिकाने अरिवुला घेऊन डिजिटल मुखपृष्ठ काढले. २८ जुलै २०२२ रोजी चेन्नईत बुद्धिबळ ऑलिंपियाडच्या उद्घाटनाला हे गाणे अरिवुविना सादर झाले. त्यानंतर अरिवुने जाहीर निवेदन करून गाण्याच्या निर्मितीवर आपला हक्क सांगितला. धी आणि संतोष नारायणन यांनीही निवेदने दिली. अरिवुचे श्रेय आपण वेळोवेळी मान्य केले आहे, आणि गाणे तिघांच्या सहकार्यातून झाले, असे त्यांचे म्हणणे होते. मार्च २०२४ मध्ये संतोष नारायणन यांनी जाहीर केले की, या गाण्याच्या उत्पन्नातले आपल्यापैकी कोणालाही काही मिळालेले नाही.

या प्रकरणात आपली सहानुभूती अरिवुकडे जाणार हे स्वाभाविक आहे. पण सहानुभूती म्हणजे नोंद नव्हे. नोंद करताना शब्द कोणाचे, आवाज कोणाचे, संगीत-निर्मिती कोणाची, मुखपृष्ठावर कोण आले, कोण आले नाही, कोणी कोणत्या तारखेला काय म्हटले, हे एकापुढे एक लिहावे लागते. तसे लिहिले की अन्याय आपोआप दिसतो. तो फुगवून सांगावा लागत नाही. उलट आपण एका बाजूचे सारे श्रेय दुसऱ्या बाजूला देऊन टाकले, तर प्रतिपक्षाला एक चूक सापडते आणि त्या एका चुकीवर तो आपले सारे म्हणणे उडवून लावतो. तपशिलातली चूक दुर्बलालाच महाग पडते. प्रस्थापितांच्या हातून झाली तर ती नजरचूक ठरते. आपल्या हातून झाली तर अडाणीपणा.

कायद्याकडून किती अपेक्षा करावी, हेही पाहू. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे कर्त्याला आपले कर्तेपण सांगण्याचा हक्क आहे. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा स्वामित्वधनातील वाटा सुरक्षित केला आणि गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांचाही नाव लावण्याचा हक्क मान्य केला. परंतु त्याच कायद्याचे कलम ५२-अ वाचावे. ध्वनिमुद्रणावर काय छापलेच पाहिजे, हे ते सांगते: मुद्रण करणाऱ्याचे नाव व पत्ता, प्रताधिकाराच्या मालकाचे नाव व पत्ता, आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष. कवीचे नाव छापलेच पाहिजे, असे त्यात नाही. ढोलकीवाल्याचे तर नाहीच नाही. म्हणजे मालक सक्तीचा आणि कवी ऐच्छिक! हक्क मिळाला आहे, पण तो बजावण्यासाठी पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे पुन्हा नोंदच.

६

एक आक्षेप चळवळीतूनच घेतला जातो. गाणे समाजाचे असते, नावाचा हट्ट हा मध्यमवर्गीय व्यक्तिवाद आहे, असे काही मित्र म्हणतात. आक्षेप प्रामाणिक आहे, पण तो अनुभवाच्या कसोटीला उतरत नाही. निनावीपण सर्वांच्या वाट्याला सारखे येत नाही. निर्माता, दिग्दर्शक, संग्राहक यांची नावे राहतात. निनावी होतो तो वाडीतला माणूस. ‘पारंपरिक’ हा शिक्का त्याच्या गाण्यावर बसला की श्रेय आणि मानधन मागणारा कोणी उरत नाही. सर्वांचीच नावे जाणार असतील तर आपण आपलेही सोडू. केवळ आपलेच जाणार असेल तर ते त्याग म्हणून मिरविण्यात अर्थ नाही. शिवाय समूहाची कृती म्हणजे बिननावाची कृती नव्हे. समूह माणसांचा असतो, आणि त्या माणसांना नावे असतात.

तेव्हा शहापूर-मुरबाडमधील कार्यकर्त्यांनी, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी आणि आश्रमशाळांतील शिक्षकांनी एक साधे काम हाती घ्यावे. आपल्या भागात जे गाणे होते, मग ते १४ एप्रिलचे भीमगीत असो, ठाकूरवाडीतले लग्नाचे गाणे असो, मोर्चात जुळलेले असो की मोबाईलवर मुद्रित केलेले रॅप असो, त्याची नोंद वहीत करावी. शब्द कोणी जुळविले; चाल नवी की कोणत्या जुन्या गाण्याची; म्हटले कोणी; मागे कोण होते; कोणते वाद्य, आणि कोणी वाजविले; कोणत्या वाडीत, कोणत्या तारखेला, कोणत्या निमित्ताने; कोणत्या बोलीत. बोलीतला शब्द शाळेच्या मराठीप्रमाणे दुरुस्त करू नये. जसा म्हटला तसाच लिहावा. माणसाचे नाव तो स्वतः जसे सांगेल तसे लिहावे आणि त्यालाच वाचून दाखवावे. बायकांची नावे ‘अमक्याची बायको’ अशी लिहू नयेत. रॅपच्या अल्बमच्या बाबतीत ताल बांधणारा, मुद्रण करणारा आणि मधे घेतलेला जुना सूर यांची नोंद वेगळी करावी. पैसे कोणी घातले आणि कोणाला मिळाले, हेही विचारण्यास संकोचू नये. मात्र ज्याला आपले नाव लावावयाचे नसेल त्याची इच्छा मोडू नये. नाव लावणे हा हक्क आहे, सक्ती नव्हे.

यात दोन शब्दांचा भेद कटाक्षाने पाळावा. कर्ता सापडला नाही तर ‘अज्ञात’ लिहावे. गाणे पिढ्यान्‌पिढ्या समाजात चालत आले असेल तरच ‘पारंपरिक’ लिहावे, आणि मग समाजाचे नाव पूर्ण लिहावे: म ठाकूर की क ठाकूर, कातकरी की वारली. ‘अज्ञात’ म्हणजे शोध बाकी आहे. ‘पारंपरिक’ म्हणजे शोध संपला आहे. पहिल्याच्या जागी दुसरा शब्द वापरणे म्हणजे शोधायच्या आधीच माणसावर माती लोटणे आहे. दोन सांगणाऱ्यांनी दोन नावे सांगितली तर दोन्ही लिहावीत. आपल्याला आवडते तेवढे ठेवू नये.

या कामाला अनुदान लागत नाही, संस्था लागत नाही. एक वही लागते आणि विचारण्याची चिकाटी लागते. १९७९ साली ब्रॉन्क्समध्ये एका तरुणापाशी वहीच होती. ती दुसऱ्याच्या हाती गेली आणि तिच्यातल्या शब्दांना साक्षीदार उरला नाही. आपल्या वाड्यांमध्ये आज ज्या वह्या लिहिल्या जात आहेत त्यांना साक्षीदार असले पाहिजेत. आमचा इतिहास आम्ही लिहू, ही घोषणा दलित चळवळीने पुष्कळ वेळा दिली. ती खरी करावयाची असेल तर इतिहास लिहिण्याआधी नावे बरोबर लिहिण्याची सवय लावून घेतली पाहिजे. येत्या जयंतीला व्यासपीठावर गाणे सुरू होण्यापूर्वी निवेदकाने कवीचे, चाल देणाऱ्याचे आणि ढोलकीवर बसलेल्या माणसाचे नाव घेतले, तर या कामाचा आरंभ झाला असे समजावे.